'लव्हिनिया' : राजाची मुलगी, जिच्यासाठी युद्ध झालं आणि जिला एकही संवाद मिळाला नाही, या दुर्मीळ लॅटिन नावाचा अर्थ काय?

माझी मावसबहीण लंडनला असते. नवरा रोमानियाचा. महिन्याभरापूर्वी त्यांना मुलगी झाली आणि तिच्या सासूबाईंनी नाव सुचवलं, लव्हिनिया. बहिणीला ते लगेच आवडलं. मावशीला मात्र पटेना. "अगं, पण अर्थ काय त्याचा? बिनअर्थाचं नाव कसं ठेवायचं? तू पेपरात आहेस ना, शोध की," असा मला हुकूम झाला.

दोन मिनिटांचं काम असेल असं वाटलं होतं. बाळांच्या नावांची संकेतस्थळं उघडली. एकावर अर्थ होता 'शुद्ध', दुसऱ्यावर 'रोमची स्त्री', तिसऱ्यावर 'रोमची माता'. तिन्ही ठिकाणी इतक्या ठामपणे लिहिलेलं की कुठेच शंकेला जागा नाही. अर्थ तीन आणि नाव एक म्हटल्यावर मी जरा खोलात शिरले. तिथे जे सापडलं ते मावशीला फोनवर सांगायला पाऊण तास लागला. तुम्हीही मुलीसाठी असं एखादं वेगळं नाव शोधत असाल, तर ही गोष्ट वाचाच.

लव्हिनिया कोण होती?

लव्हिनिया हे रोमच्या दंतकथेतलं पात्र आहे. तिच्या बापाचं नाव लॅटिनस. इटलीतल्या लॅटियम प्रांताचा हा राजा. आजचं रोम शहर याच प्रांतात येतं, आणि 'लॅटिन' भाषेचं नावही याच प्रांतावरून पडलंय. म्हणजे लव्हिनिया हे नुसतं लॅटिन नाव नाही. दंतकथेच्या हिशेबाने ती लॅटिन लोकांच्या मूळ राजाची एकुलती एक मुलगी आहे.

तिची गोष्ट सगळ्यात सविस्तर येते ती 'एनिड' या महाकाव्यात. कवी व्हर्जिल. जन्म इसवी सनापूर्वी ७०, मृत्यू इसवी सनापूर्वी १९. काव्याचे एकूण १२ सर्ग आहेत. ट्रॉय शहर ग्रीकांनी जाळल्यावर तिथून निसटलेला वीर इनियस समुद्रमार्गे भटकत इटलीला पोहोचतो आणि त्याच्या वंशातून पुढे रोम उभं राहतं, असं कथासूत्र. काव्य पूर्ण व्हायच्या आत व्हर्जिल गेला. हस्तलिखित जाळून टाका, असं तो सांगून गेला होता म्हणतात. सम्राट ऑगस्टसने ते होऊ दिलं नाही.

लव्हिनिया प्रत्यक्ष भेटते ती सातव्या सर्गात. लग्नाच्या वयाची झालेली. मागणी घालणारे बरेच, त्यात आघाडीवर टर्नस. शेजारच्या रुटुली जमातीचा राजा, देखणा आणि शूर. लव्हिनियाच्या आईला, राणी अमाटाला, हाच जावई हवा आहे.

पण अपशकुन आडवे येतात. राजवाड्यातल्या पवित्र लॉरेलच्या झाडाच्या शेंड्यावर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसतं. ज्योतिषी सांगतात, परका माणूस येतोय. मग लव्हिनिया बापाशेजारी वेदीपाशी उभी असताना तिच्या केसांना आग लागल्यासारखं दिसतं. मुकुट, वस्त्रं, सगळं ज्वाळांत. त्याचा अर्थ लावला जातो की मुलीची कीर्ती मोठी होईल, पण प्रजेवर युद्ध येईल. राजा घाबरून देववाणी विचारायला जातो. उत्तर येतं की मुलगी लॅटिन माणसाला देऊ नकोस, जावई परदेशातून येईल.

आणि इनियसची जहाजं किनाऱ्याला लागतात.

लग्न तिचं, बोलतात बाकीचे

पुढचं सगळं युद्ध या एका लग्नावरून होतं. निदान वरकरणी तरी. राजा शब्द देतो, राणी भडकते, मुलीला घेऊन डोंगरातल्या जंगलात लपवून ठेवते. टर्नस सैन्य गोळा करतो. सातव्या सर्गापासून बाराव्यापर्यंत माणसं मरत राहतात.

या सगळ्यात लव्हिनिया काय म्हणते? काहीच नाही. एक शब्दही नाही. १२ सर्गांच्या काव्यात देव बोलतात, नद्या बोलतात, मेलेली माणसं बोलतात. जिच्या लग्नासाठी रान पेटलंय, तिला व्हर्जिलने एकही वाक्य दिलेलं नाही.

ती दिसते, तेही मोजक्या वेळा. अकराव्या सर्गात आईबरोबर देवळात जाताना, खाली मान घालून. कवी तिथे तिचा उल्लेख एवढ्या मोठ्या अनर्थाचं कारण म्हणून करतो. बाराव्या सर्गात राणी टर्नसला लढू नको म्हणून विनवते आणि ते ऐकताना लव्हिनिया रडते. तिचा चेहरा लाल होतो. व्हर्जिल त्या लालीसाठी उपमा देतो ती जांभळ्या-तांबड्या रंगात बुडवलेल्या हस्तिदंताची आणि गुलाबांच्या लालीत मिसळलेल्या लिलीच्या फुलांची. अतिशय गाजलेली उपमा आहे ही. ती टर्नसवरच्या प्रेमाने लाजली, संतापाने लाल झाली की अपराधी वाटून, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. कारण तिला कुणी विचारलंच नाही.

मावशीला हे सांगताना मला रुक्मिणी आठवली. भाऊ शिशुपालाला द्यायला निघालेला, तिला कृष्ण हवा. पण रुक्मिणी गप्प बसली नाही, तिने पत्र धाडलं. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'मुळे ते पत्र मराठी घरांत माहीत आहे. व्हर्जिलची लव्हिनिया म्हणजे पत्र न लिहिलेली रुक्मिणी. "मग हिला विचारलं असतं तर कुणाला हो म्हणाली असती?" मावशीने विचारलं. हाच प्रश्न युरोपातल्या लेखकांनाही पडला होता. त्याकडे येऊच.

शेवटी इनियस टर्नसला मारतो आणि काव्य तिथेच, त्या वाराबरोबर थांबतं. जावई परतल्याच्या गैरसमजातून नव्हे, तर टर्नस मेला या चुकीच्या समजुतीने राणीने त्याआधीच गळफास घेतलेला असतो. लग्न व्हर्जिलने दाखवलेलंच नाही.

मग नावाचा अर्थ काय?

इथे माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. कथेनुसार लग्नानंतर इनियस नवं शहर वसवतो आणि बायकोच्या नावावरून त्याला लव्हिनियम म्हणतो. म्हणजे शहराचं नाव मुलीवरून. ठीक. आता मुलीच्या नावाची फोड करा. लॅटिनमध्ये शेवटी 'इया' लागून स्त्रीलिंगी विशेषण होतं. ज्युलियस घराण्यातली ती ज्युलिया. तशी लव्हिनियमची ती लव्हिनिया. म्हणजे मुलीचं नाव शहरावरून. एक्सेलमध्ये असं सूत्र टाकलं तर 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून इशारा येतो.

अभ्यासकांचा कल असा की शहर आधीचं. लव्हिनियम नावाचं गाव खरोखर होतं. त्याचं नाव असं का, हे सांगण्यासाठी मागाहून राजकन्येची गोष्ट तयार झाली. हे जगभर होतं. नाशिक नावाचा संबंध शूर्पणखेच्या नाकाशी जोडणारी कथा आपल्याकडे आहेच. गंमत म्हणजे 'एनिड'मध्येही क्रम तोच आहे. काव्याच्या पहिल्या तीन ओळींतच 'लव्हिनियन किनारे' येतात. मुलगी भेटते सहा सर्गांनंतर.

आणि शहराच्या नावातल्या मूळ शब्दाचा अर्थ? तो हरवलाय. लॅटिनमध्ये त्याचं खात्रीचं मूळ सापडत नाही. लॅटिनच्या आधीच्या एखाद्या स्थानिक भाषेतून तो आलेला असू शकतो.

मग 'शुद्ध' कुठून आलं? लॅटिनमध्ये 'लावारे' म्हणजे धुणं. उच्चार जवळचा, म्हणून कुणीतरी धुतलेली, म्हणून निर्मळ, म्हणून शुद्ध अशी साखळी जोडली असावी. भाषाशास्त्रात अशा जोडणीला आधार लागतो, तो इथे नाही. 'रोमची स्त्री' आणि 'रोमची माता' हे तर शब्दार्थच नाहीत. तो तिच्या कथेचा सारांश आहे. तिच्या वंशातून पुढे रोम्युलस आणि रोम झालं म्हणून. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर 'लव्हिनियम गावची मुलगी', इतकंच. आपल्याकडच्या वैदर्भी, मैथिली या नावांसारखं. वैदर्भी म्हणजे विदर्भाची, रुक्मिणीचंच एक नाव.

मावशीचा चेहरा इथे पहिल्यांदा खुलला. (व्हिडिओ कॉल होता.)

ते गाव आजही आहे का?

आहे. रोमच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर, समुद्राजवळ, प्रातिका दी मारे नावाचं ठिकाण आहे. आता तिथे इटलीच्या हवाई दलाचा तळ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे झालेल्या उत्खननात एका रांगेत दगडी वेद्या सापडल्या. एकूण १३. त्यातल्या जुन्या इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या. जवळच एक थडगं मिळालं, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातलं. तीनेकशे वर्षांनी लोकांनी त्याचं देवस्थान केलेलं दिसतं. तेच इनियसचं स्मारक मानलं जात असावं, असं अनेक पुरातत्त्वज्ञांचं मत.

इनियस किंवा लव्हिनिया खरे होते असा याचा अर्थ नाही. पण रोमन लोक या गावाला आपलं मूळ घर मानत होते, हे नक्की. रोमचे वरिष्ठ अधिकारी लव्हिनियमला जाऊन तिथल्या कुलदेवतांना बळी अर्पण करत. सत्ता रोमला आणि कुलदैवत गावाकडे. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

व्हर्जिलने न सांगितलेली लव्हिनिया

माझ्या मते तिच्या गोष्टीतला खरा भाग 'एनिड' संपल्यावर सुरू होतो. आणि नावांच्या संकेतस्थळांवर तो जवळजवळ सापडतच नाही.

व्हर्जिलचा समकालीन इतिहासकार लिव्ही लिहितो की इनियस लवकर गेला. मुलगा अस्कानियस राज्य करण्याच्या वयाचा नव्हता. तोवर लव्हिनियाने राज्य सांभाळलं आणि इतक्या कुवतीने सांभाळलं की मुलाला ते सुखरूप मिळालं. लिव्ही बायकांचं कौतुक करण्यात फारसा वेळ घालवणारा लेखक नाही. म्हणून हे वाक्य महत्त्वाचं. पुढे अस्कानियस मोठा झाल्यावर भरभराटीला आलेलं लव्हिनियम तिच्याच हवाली करून आल्बा लोंगा हे नवं शहर वसवायला निघून गेला. हा मुलगा तिचा स्वतःचा की सावत्र, याबद्दल लिव्हीला खात्री नाही आणि तो ते सरळ कबूल करतो.

डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराकडे वेगळी कथा आहे. इनियस गेला तेव्हा लव्हिनिया गरोदर होती. सावत्र मुलगा आपल्याला आणि पोटातल्या बाळाला जगू देईल का, या भीतीने ती जंगलात पळाली. एका डुकरं पाळणाऱ्याने तिला आसरा दिला. तिथे मुलगा झाला, त्याचं नाव सिल्व्हियस, म्हणजे रानातला. आल्बा लोंगाचे पुढचे राजे याच सिल्व्हियसच्या वंशातले.

याच इतिहासकाराने आणखी एक पाठभेद नोंदवलाय. काही ग्रीक लेखकांच्या मते लव्हिनियम हे नाव लॅटिनसच्या मुलीवरून पडलंच नाही. डेलॉस बेटाच्या राजाची, त्याच नावाची मुलगी भविष्य सांगणारी म्हणून इनियसबरोबर आली होती. शहराचं काम सुरू असताना ती आजारी पडून गेली आणि तिचं नाव शहराला दिलं. एका नावाच्या दोन मुली, दोन्ही समुद्राकाठच्या त्या गावात.

तिला बोलतं कुणी केलं?

लव्हिनियाची चुप्पी पुढच्या लेखकांना अस्वस्थ करत राहिली. बाराव्या शतकात, ११६० च्या आसपास, फ्रान्समध्ये 'एनिड'वरून एक प्रणयकाव्य लिहिलं गेलं. त्यात लव्हिनिया खिडकीतून इनियसला बघते, प्रेमात पडते, रात्रभर तळमळते, आईशी प्रेमावरून वाद घालते. आणि मग काय करते? पत्र लिहिते. बाणाला गुंडाळून शत्रूच्या छावणीकडे सोडायला लावते. रुक्मिणीने ब्राह्मणाहाती पाठवलेलं पत्र इथे बाणावरून गेलं. दोन्ही कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी मला हे फार आवडलं.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दांतेने 'डिव्हाइन कॉमेडी'त तिला आणलं. त्यातल्या शुद्धिलोकाच्या भागात, रागाची शिक्षा भोगणाऱ्यांच्या पायरीवर, दांतेला एक मुलगी रडताना दिसते. ती मेलेल्या आईला जाब विचारते. मला गमावू नये म्हणून तू जीव दिलास आणि आता तूच मला गमावून बसलीस, अशा अर्थाचं ती बोलते. टर्नस नाही, इनियस नाही. व्हर्जिलनंतर १३०० वर्षांनी दांतेच्या लव्हिनियाला आधी दुःख होतं ते आईचं. या काव्यात दांतेला वाट दाखवायला बरोबर कोण आहे माहितीये? व्हर्जिल. तिला गप्प ठेवणाऱ्या कवीच्या देखत दांतेने तिला बोलतं केलं.

शेक्सपिअरने नेमकी उलट दिशा धरली. 'टायटस अँड्रॉनिकस' या त्याच्या सुरुवातीच्या, रक्तरंजित नाटकात लव्हिनिया नावाची सेनापतीची मुलगी आहे. तिच्यावर अत्याचार करणारे तिची जीभ आणि हात कापतात, नावं सांगू नयेत म्हणून. ती तोंडात काठी धरून वाळूत त्यांची नावं लिहिते. (हा भाग मी मावशीला सांगितला नाही. बहिणीला सांगितला. नाव ठेवणाऱ्याला सगळं माहीत असावं.)

आणि २००८ मध्ये अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'लव्हिनिया' ही कादंबरी आली. उतारवयात त्यांनी व्हर्जिल मूळ लॅटिनमधून वाचला आणि ही मुलगी त्यांच्या मनातून जाईना. कादंबरीत सगळी गोष्ट लव्हिनियाच सांगते. मरणाच्या दारातल्या कवीची सावली तिला जंगलात भेटते, ती त्याच्याशी बोलते, आणि आपल्याला त्याने किती कमी जागा दिली हे तिला कळतं. ले ग्विन यांची ही शेवटची कादंबरी. २०१८ मध्ये त्या गेल्या.

खऱ्याखुऱ्या लव्हिनिया

दंतकथेतल्या नावाने खऱ्या आयुष्यात काय केलं, तेही बघू.

लव्हिनिया फोन्ताना. जन्म १५५२, बोलोन्या. युरोपात चित्रकारीवर घर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. ११ मुलं झाली, तरी काम सुरू. नवरा स्वतः चित्रकार, पण तो तिच्या कामात मदत करायचा आणि कमावती तीच होती. हे सोळाव्या शतकात.

लव्हिनिया डिकिन्सन. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांची धाकटी बहीण. १८८६ मध्ये एमिली गेल्या तेव्हा त्यांच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या होत्या. बहिणीच्या इच्छेप्रमाणे लव्हिनियाने पत्रं जाळली. पण खोलीत हाताने शिवलेल्या वह्यांमध्ये शेकडो कविता सापडल्या, त्या मात्र जाळल्या नाहीत. छापून आणण्यासाठी ती लोकांच्या मागे लागली. पहिला संग्रह १८९० मध्ये आला. आज एमिली यांच्या जवळपास १८०० कविता आपल्याला माहीत आहेत, त्या हिच्या हट्टामुळे.

इंग्लंडमध्ये हे नाव अठराव्या शतकात थोडं फॅशनमध्ये आलं होतं, जेम्स थॉम्सन या कवीच्या एका लोकप्रिय कथाकाव्यामुळे. आता तिथे क्वचित ऐकू येतं. रोमानियात मात्र ते अजिबात दुर्मीळ नाही. रोमन सम्राट ट्राजनने इसवी सन १०६ मध्ये तो भाग जिंकला, तिथली भाषा लॅटिनपासून झाली, आणि त्याचा अभिमान नावांत उतरला. त्रायान, ओव्हिदियू, लिव्हियू ही तिथली रोजची नावं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये फ्लोअर एक्सरसाइजमध्ये १० पैकी १० गुण मिळवणारी जिम्नॅस्ट आठवते? रोमानियाची लव्हिनिया मिलोशोविच. ऑलिम्पिक जिम्नॅस्टिक्समधले 'परफेक्ट टेन' त्या स्पर्धेनंतर दिसलेले नाहीत. पॅसिफिकमधल्या टोंगा देशातही हे नाव पोहोचलंय. तिथल्या राजा दुसऱ्या जॉर्ज टुपू याची राणी लव्हिनिया होती आणि तिची मुलगी सालोटे हिने पुढे जवळपास अर्धशतक राज्य केलं.

पृथ्वीबाहेर एक आहे. शुक्र ग्रहावरच्या बहुतेक सगळ्या जागांना स्त्रियांची नावं देतात आणि मैदानी प्रदेशांसाठी पुराणकथांतल्या नायिका निवडतात. शुक्राच्या दक्षिण गोलार्धात 'लव्हिनिया प्लॅनिशिया' नावाचं सुमारे २८०० किलोमीटर पसरलेलं मैदान आहे. नासाच्या 'मॅगेलन' यानाने १९९० च्या दशकात रडारने त्याचे नकाशे काढले. तिथलं तापमान शिसं वितळवणारं आहे, ही माहिती बारशाच्या दृष्टीने बिनकामाची.

'व' की 'व्ह'?

मावशीचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. पत्रिकेवर छापायचं कसं? आपण इंग्रजी उच्चाराप्रमाणे 'लव्हिनिया' लिहितो, या लेखातही तसंच लिहिलंय. पण व्हर्जिलच्या काळच्या लॅटिनमध्ये ते अक्षर इंग्रजी 'व्ह'सारखं उच्चारत नसत. दोन ओठ गोल करून येणारा, आपल्या साध्या 'व'च्या जवळचा तो उच्चार होता. शिवाय पहिला स्वर दीर्घ. म्हणजे 'लावीनिया'. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन माणूस मावशीच्या तोंडचं नाव ऐकून पटकन वळून बघेल, लंडनच्या नर्सने उच्चारलेलं ऐकून कदाचित नाही.

इंग्लंडमध्ये बाळाची जन्मनोंदणी ४२ दिवसांत करावी लागते. बहिणीने ती गेल्या आठवड्यात उरकली. बारसं डिसेंबरमध्ये पुण्यात आहे. पत्रिकेचा मजकूर मावशीने काल पाठवला. त्यात नाव 'लावीनिया' आहे, आणि खाली कंसात तिने स्वतःच्या मनाने घातलंय, 'घरी लवी'.